बंद घरातला चहा

विश्रांतवाडी, पुणे
३ मार्च २०२५

मामा,

सप्रेम जयभीम.

तुमचं कानाचं मशीन पुन्हा शिट्टी मारायला लागलंय असं अनिरुद्धदाजींकडून कळलं, म्हणून फोन न करता पत्र लिहितेय. मागच्या वेळी मी फोनवर अर्धा तास ओरडले आणि ते सगळं तुमच्याऐवजी आमच्या गल्लीला कळलं.

आईनं तुमच्याशी बोलणं टाकलंय, मी नाही. तुम्ही दीड वर्षापूर्वी बिल्डरच्या कागदावर वस्तीतली पहिली सही केलीत, स्टुडिओची खोली दिलीत आणि लोणी काळभोरला लेकीकडे राहायला गेलात. तुमचे गुडघे आणि तुमचा कान मला माहीत आहेत. आईला फक्त सही माहीत आहे.

आता इथलं ऐका. नव्या इमारतीत घर कोणाला द्यायचं याची पाहणी बिल्डरची माणसं करताहेत. ज्यांनी सही केली नाही त्यांच्या दारावर ती 'घर बंद आढळले' अशी चिठ्ठी डकवतात. तीन चिठ्ठ्या झाल्या की इथं कोणी राहतच नाही असं धरून यादीतून नाव कापणार, असं ते सांगतात. आमच्या दाराला दोन लागल्यात. दोन्ही वेळा आई मुलींच्या होस्टेलवर पोळ्या लाटत होती आणि मी एका शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढत होते. कामावर जाणाऱ्याचं घर दुपारी बंदच असणार, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

बरं, आम्ही बाहेर होतो. पण श्यामच्या वडिलांचं काय? ते पक्षाघातानं वर्षभर खाटेवर आहेत, दार सताड उघडं होतं, तरी चिठ्ठी लागली. समोरच्या संस्कृतीनं मोबाईलवर शूटिंग केलं. त्यांच्या माणसानं मोबाईल हातातून घेतला, व्हिडिओ उडवला आणि 'सॉरी ताई' म्हणून परत दिला. इतकी सभ्य दादागिरी मी याआधी पाहिली नव्हती.

आई सही का करत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्या कागदावर नवं घर कधी मिळणार याची तारीख नाही. ती म्हणते, तारीख लिहा, सही घ्या. तिचं एवढंच म्हणणं आहे.

आता तुमच्या कॅमेऱ्याबद्दल. जाताना तुम्ही मला दिलेला तो जुना कॅमेरा मी अजून वापरते. लग्नवाले त्याला बघून हसतात, फोटो बघून गप्प होतात. पण त्या माणसांसमोर फोटो काढला तर ती कार्डच काढून घेतील. म्हणून मी एक वायफायचं कार्ड मिळवलंय, जुन्या बाजारातून. त्या कार्डातच बारीक रेडिओ असतो. फोटो काढला की तो हवेतून जवळच्या मोबाईलवर जातो. मग कार्ड नेलं काय, मोडलं काय, फोटो दुसऱ्या घरात पोचलेला असतो.

अडचण अशी, की तुमच्या कॅमेऱ्याला काडेपेटीएवढं कार्ड लागतं आणि हे पोस्टाच्या तिकिटाएवढं आहे. म्हणून मध्ये अडॅप्टर घातला. काडेपेटीच्या मापाची चौकट, तिच्यात छोटं कार्ड सरकवायचं, चौकटीला वरून पातळ पत्र्याचं झाकण. फोटो काढला, मोबाईलवर काही येईना. शोधते तर आईनं मोबाईल सांभाळून पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवलेला. डब्यातून काढल्यावर एखाददुसरा फोटो रडतखडत आला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पत्रा लहरी अडवतो. एक डबा मी उघडला होता, दुसरा अजून कॅमेऱ्याच्या आत होता.

मग मी अडॅप्टरचं झाकण ब्लेडनं उचकटलं, कडा कानशीनं घासल्या, वर प्लास्टिकची चिकटपट्टी लावली. फोटो समोरच्या संस्कृतीच्या घरातसुद्धा धडाधड यायला लागले.

पुढची पाहणी २५ ते २८ मार्चच्या दरम्यान, असं त्यांच्या दुसऱ्या चिठ्ठीवरच छापलंय. आई रजा टाकून घरी बसणार आहे. घरात माणूस असताना 'बंद' लिहितात का, तेच मला पकडायचं आहे. ब्लेड चालवलं म्हणून रागवा हवं तर, पण सांगून टाकलं.

तुमची
आम्रपाली

लोणी काळभोर
१० मार्च २०२५

चि. आम्रपालीस आशीर्वाद.

तुझं पत्र सहाव्या दिवशी पोचलं. विश्रांतवाडीहून मी चालत आलो असतो तरी आधी आलो असतो, तेही या गुडघ्यांनी.

झाकण उचकटलंस. छान केलंस. आता लेन्सची काच काढून खिडकीला लाव, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचं सोनं झालं. अगं, चाळीस वर्षं मी धुळीशी भांडलो. लग्नातल्या अक्षता, जयंतीचा गुलाल, हळदीचे हात, या सगळ्यांतून मी ती मशीनं जपली. उघडी वस्तू मला बघवत नाही. आणि बिनधास्त लिहितेस, चिकटपट्टी लावली म्हणून. चिकटपट्टी पुस्तकाला लावतात.

पाहणीचं वाचून वाईट वाटलं. श्यामच्या वडिलांनी माझ्या स्टुडिओत पहिला पासपोर्ट फोटो काढला होता, परदेशी जायचं म्हणून. गेले कुठंच नाहीत.

तरी मोठा म्हणून सांगतो. सही करून टाका. बिल्डरशी भांडणारा माणूस म्हातारा होतो, बिल्डर होत नाही. मी सही केली तेव्हा गल्लीनं मला गद्दार ठरवलं. आज त्यातल्या निम्म्यांनी सह्या केल्यात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. पहिला सही करणारा वाईट, तिसावा व्यवहारी, असा हिशेब आहे. हे शालनला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मी निघताना तिच्या फोटोचे कप छापून दिले होते. फोडले असतील. शाई संपत आली होती म्हणून चेहरा जरा फिका आला, हे मला मान्य आहे.

कॅमेऱ्याचं शटर कसं चाललंय? बटण दाबल्यावर खरखर येत असेल तर पाठवून दे. तेवढं तरी मला करू दे.

तुझा मामा
रतन

विश्रांतवाडी
१६ मार्च २०२५

मामा,

जयभीम.

हे पत्र कॅमेऱ्याच्या पिशवीत घालून दाजींच्या हाती देतेय. पोस्टावर माझा विश्वास आहे, वेळ नाही.

तुम्ही म्हणता सही करा. पेन आमच्याकडे आहे, तारीख त्यांच्याकडे नाही. आणि मामा, भांडून म्हातारं व्हायचं म्हणता तर आई न भांडताही एकसष्टची झालीच की. या खोलीत ती लग्न होऊन आली, बाबा याच खोलीतून गेले, आणि ज्या माणसानं तिला कधी पाहिलंही नाही तो दारावर लिहून जातो की इथं कोणी नसतं. मला याची चीड येते. झोपताना येते, उठताना येते. घर मिळणं न मिळणं पुढचं. आम्ही आहोत, एवढं तरी त्यांना खोडता येता कामा नये.

तुमचं पत्र मी आईला पूर्ण वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "त्याला लिही, पहिला सही करणारा वाईट नसतो. बहिणीला न विचारता जातो तो वाईट असतो." एवढं बोलून पुन्हा मेथी निवडायला लागली.

कप फोडलेले नाहीत. चारही माळ्यावर आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. "माझ्याच तोंडाला तोंड लावून चहा कोण पिणार," असं ती म्हणते. फिका नाही मामा, तिचा चेहरा हिरवा आलाय. खाली 'रतन फोटो स्टुडिओ' मात्र ठसठशीत आहे.

शटरला खरखर आहे, मधेच अडकतंही. ते तेवढं साफ करून द्या. अडॅप्टर कॅमेऱ्यातच आहे, त्याला हात लावू नका. तो उघडाच हवा. पत्रा आला की लहरी अडतात, हे मागच्या पत्रात लिहिलंय. पंचवीसच्या आसपास कॅमेरा हातात पडला पाहिजे.

आम्रपाली

लोणी काळभोर
२४ मार्च २०२५

चि. आम्रपाली,

शटर साफ झालं. वंगण सुकून त्याचा डिंक झाला होता. आता बटण दाब, खणखणीत आवाज येईल. अनिरुद्धराव परवा बुधवारी सकाळी कामावर जाता जाता कॅमेरा देतील. एक गोष्ट वेगळी कळवायची आहे म्हणून हे पत्र आजच पोस्टात टाकतो. जावईबापूंच्या तोंडी निरोप दिला तर तो अर्धा पोचतो आणि उरलेला ते स्वतः रचतात.

तुझा अडॅप्टर पाहिला. चिकटपट्टी सुटली होती आणि तिच्या गोंदाला तुमच्या घरातलं पीठ लागलेलं होतं. हे कॅमेऱ्याच्या आत जाणार होतं. हात लावू नका म्हणालीस, पण मला ते जमण्यासारखं नव्हतं. फिल्मचा एक रिकामा रोल जपून ठेवला होता, त्याचा पत्रा कापून नवीन झाकण बसवलं. मापात बसलंय, कड कुठंही वर नाही.

थांब, ओरडू नकोस. तुझ्या लहरी विसरलेलो नाही. झाकणाला शिवणाच्या सुईनं ओळीनं भोकं पाडली आहेत. तू लहान असताना एकदा स्टुडिओचं दार लावून पत्र्याच्या भोकातून आख्खी गल्ली भिंतीवर उलटी दाखवली होती, आठवतं का? सुईच्या भोकातून विहार आत येतो, पिंपळ आत येतो, सायकलवाला आत येतो, तर तुझे चार फोटो बाहेर का जाणार नाहीत? लहर म्हणजे शेवटी उजेडाचीच बहीण. धूळ अडेल, लहर जाईल. माझ्याकडे मोबाईल नाही आणि जावईबापूंचा त्यांच्या हातून सुटत नाही, म्हणून तपासता आलं नाही, पण तत्त्व पक्कं आहे.

झाकण रबराच्या गोंदानं बसवलंय, चार कोपऱ्यांना एकेक थेंब. आपण जे बंद करतो ते पुढच्या माणसाला नखानं उघडता आलं पाहिजे, असा आमच्या धंद्यात रिवाज आहे. वाटलंच तर काढून टाक.

शालननं जे म्हटलं ते वाचलं.

रतनमामा

विश्रांतवाडी
२८ मार्च २०२५

मामा,

तुमचं चोवीस तारखेचं पत्र आज दुपारी आलं. दोन दिवस आधी आलं असतं तर झाकण मी नखानं उघडलं असतं. ते दुसऱ्याच कोणीतरी उघडलं. सगळं क्रमानं सांगते, मधे रागावून पत्र ठेवू नका.

बुधवारी सकाळी दाजींनी कॅमेरा दिला. कार्ड आत होतंच, म्हणून मी कॅमेऱ्याचं कार्डाचं दार उघडून पाहिलं नाही. संस्कृती कॉलेजातून उशिरा आली, त्यामुळे तपासायलाही वेळ मिळाला नाही. ती तिच्या खिडकीत मोबाईल घेऊन बसली. फोटो पोचला की खोकायचं, असं आमचं ठरलं होतं.

जेवणाच्या आधी ती माणसं आली. दोघंच. एक सलिल साहेब, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. दुसरा काळ्या टी-शर्टातला, मानेपेक्षा दंड जाड. आई उंबऱ्यात परात घेऊन मेथी निवडत बसलेली. सलिल साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं आणि दुसऱ्याला खूण केली. त्यानं आईच्या डोक्यावरून हात लांबवून दारावर चिठ्ठी डकवली.

आई म्हणाली, "अहो साहेब, मी बसलेय ना इथं."

सलिल साहेब म्हणाले, "काकू, सिस्टीममध्ये क्लोज्ड दाखवतंय. आम्ही फक्त अपडेट करतो."

"सिस्टीमला म्हणावं एकदा येऊन बघ."

"तसं नसतं ना काकू."

मी संस्कृतीच्या ओट्यावरून फोटो काढत होते. चिठ्ठी, आई, दार, दोघांचे चेहरे. शटर असं वाजत होतं की तुमची आठवण आली. पण खिडकीतून खोकला येईना. मी वर बघितलं तर संस्कृती मान हलवत होती. मोबाईलवर काहीच नव्हतं. तेवढ्यात काळ्या टी-शर्टवाल्यानं मला पाहिलं.

त्यानं कॅमेरा गळ्यातून काढून घेतला, कार्डाचं दार उघडलं आणि अडॅप्टर ओढून काढला. तेव्हा मला तुमचं झाकण पहिल्यांदा दिसलं. त्यालाही ते विचित्र वाटलं असणार. "ही काय चाळणी लावलीय?" म्हणत त्यानं कडेखाली नख घातलं. झाकण टपकन सुटलं. त्याला वाटलं, कार्डच फुटलं. खूश होऊन त्यानं झाकण वाकवलं आणि दोन्ही तुकडे आईच्या परातीत टाकले. "घ्या ताई, गेलं तुमचं कार्ड," म्हणाला आणि कॅमेरा परत दिला.

मेथीत अडॅप्टर उताणा पडला होता. आतलं छोटं कार्ड जागच्या जागी होतं.

मी रडवेलं तोंड केलं. ते करायला फार कष्ट पडले नाहीत. "कॅमेरा तरी चालतोय का बघू दे," म्हणत अडॅप्टर पुसला, आत सरकवला आणि बटण चालू केलं. मग नुसती उभी राहिले. संस्कृतीच्या खिडकीतून एक खोकला आला. मग दुसरा. मग तिला असा खोकला लागला की पलीकडच्या काकू हळद घालून दूध देऊ का विचारायला आल्या.

पण फोटो यायला वेळ लागतो, आणि ती माणसं निघाली असती तर जाता जाता कॅमेराही घेऊन गेली असती. सलिल साहेबांच्या मनात ते येत होतं, मला दिसत होतं. टॅबचं नेटवर्क गेलेलं, म्हणून ते तिथंच खोळंबले होते. आई उठली. तिला खोकल्याचा अर्थ माहीत होता. "साहेब, ऊन आहे," ती म्हणाली. "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. आमच्या दारातून कोणी कोरडं जात नाही." आत जाऊन तिनं गॅस पेटवला.

आदल्या संध्याकाळी तिनं माळ्यावरून तुमचा एक कप उतरवून धुऊन ठेवला होता. का, ते मी विचारलं होतं. "पाहुणे यायचेत," एवढंच ती म्हणाली होती.

सलिल साहेबांनी टॅबवरची नजर न काढता कप घेतला. चिठ्ठीच्या बरोबर खाली उभे राहून प्यायले. कपावर आईचा चेहरा, हिरवा, हसरा. मागं उघडं दार, आत पेटलेला गॅस, चहाचं पातेलं हातात घेतलेली आई. मी कॅमेरा छातीवरच ठेवून बटण दाबलं.

तुम्ही शटर फारच छान साफ केलंय. तो आवाज सलिल साहेबांना ऐकू गेला. हे गृहस्थ हुशार आहेत. त्यांनी कप खाली ठेवला, कॅमेरा मागितला, अडॅप्टर काढला, आतलं छोटं कार्ड ओढलं आणि दोन बोटांत मोडलं. "सॉरी ताई, प्रायव्हसीचा प्रश्न असतो. आता काही राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. समोरून शेवटचा खोकला त्यांनी कार्ड ओढायच्या आधीच आला होता.

सगळे फोटो आहेत. नऊ एप्रिलला सरकारी कार्यालयात हरकतींची सुनावणी आहे, तिथं घेऊन जाणार. श्यामही येणार आहे.

आता तुमच्या तत्त्वाबद्दल. संस्कृती फिजिक्स शिकते. ती म्हणते, वायफायची लहर चांगली अर्ध्या वितीएवढी असते, ती सुईच्या भोकातून जायची नाही. उजेडाची बहीण आहे खरी, पण अंगानं थोराड आहे. तुम्ही माझं कार्ड पुन्हा डब्यात घातलं होतंत, मामा, आणि डबा कोणी उघडला बघा. गोंद पक्का लावला असतात तर त्यानं चिडून अख्खा अडॅप्टरच पायाखाली घातला असता.

मला तुमचा राग आला होता. दोन दिवस राहिला. आज पत्र वाचून हसू आलं.

वाकलेलं झाकण आईनं मेथीतून निवडून घेतलं. कुठं ठेवलं ते मला सांगत नाही.

आम्रपाली

लोणी काळभोर
२ एप्रिल २०२५

चि. आम्रपाली,

भोकं लहान पडली. मान्य. संस्कृतीला माझा नमस्कार सांग, आणि विचार की अर्ध्या वितीचं भोक पाडायचं तर झाकण कशाला बसवायचं. उत्तर मला कळवू नकोस.

अनिरुद्धरावांच्या मोबाईलवर तू पाठवलेले फोटो पाहिले. पहिले कामचलाऊ आहेत. शेवटचा वेगळा आहे. छातीवरून काढलास म्हणून क्षितिज वाकडं आलंय, पण असा फोटो मला चाळीस वर्षांत एकदा तरी मिळायला हवा होता. कितीतरी वेळ बघत बसलो. तिनं तो कप काढला, हे मी दहादा वाचलं.

आता नीट ऐक. सुनावणीत मोबाईल दाखवू नकोस. मोबाईलवरचा फोटो साहेब लोक बोटानं पुढं ढकलतात. कागदावरचा फोटो टेबलावर पडून राहतो, कोणीतरी तो बघितल्याशिवाय फाईल बंद होत नाही. मी इथल्या लॅबमध्ये तासभर उभा राहून मोठी प्रत काढून घेतली आहे. चिठ्ठीवरची तारीख वाचता येते, कपावरचं तोंड ओळखता येतं. लॅबवाला पोरगा म्हणाला, काका, कपावरचा रंग दुरुस्त करू का, हिरवा दिसतोय. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. हे अनिरुद्धरावांबरोबर येतंय.

दुसरी गोष्ट. माझा तो कागद परवा पेटीतून काढला. मला नव्या इमारतीत गाळा मिळणार होता, नव्या स्टुडिओला. त्या कागदावरही तारीख नाही. मी तेव्हा विचारली नाही आणि दीड वर्षात त्यांनीही सांगितली नाही. मागं मी सही करा असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडून टाक. शालनला सांग, सही करू नको. तारीख लिहून घे, ठसठशीत, आणि माझ्या गाळ्याचीही विचार. बिल्डर म्हातारा होत नाही हे खरं, पण त्याला थोडा थकवायला काय हरकत आहे.

सुनावणीला मी येणार नाही. कान चालत नाही, आणि गल्लीतली माणसं तिथं असणार. त्यांच्यासमोर पहिली सही करणारा रतन उभा राहिला तर तुमचंच काम बिघडेल.

रतनमामा

विश्रांतवाडी
११ एप्रिल २०२५

दादा,

जयभीम. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. आम्रपाली म्हणाली ती लिहील, मी नको म्हटलं. अनिरुद्धरावांच्या हाती देते आहे, म्हणजे सोमवारच्या आत तुला मिळेल.

नऊ तारखेला आम्ही गेलो. मी, आम्रपाली, श्याम आणि अर्धी गल्ली. मधल्या खुर्चीत एक बाई अधिकारी होत्या. सलिल साहेब आपली फाईल घेऊन आलेले, फार व्यवस्थित. म्हणाले, तीन वेळा घर बंद आढळलं, मॅडम, रेकॉर्ड आहे. आम्रपालीनं तुझा फोटो टेबलावर ठेवला. तू म्हणालास तसंच झालं. बाईंनी आधी पाहिला नाही, बाजूला सरकवला, दुसरे कागद पाहिले, आणि परत त्याच्यावरच आल्या.

त्यांनी विचारलं, "हे तुम्हीच ना? बंद घरासमोर चहा पिताय?"

सलिल साहेब म्हणाले, "मॅडम, चहा शेजाऱ्यांचा होता. आम्ही आलो तेव्हा घर बंदच होतं, दार नंतर शेजाऱ्यांनी उघडलं."

बाईंनी चष्मा वर केला. फोटोतल्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कपाकडे. म्हणाल्या, "शेजाऱ्यांकडे यांच्या फोटोचे कप असतात का?"

दादा, तू मला हिरवी केलीस, तरी त्या बाईंनी ओळखलं. सगळे हसले. सलिल साहेब हसले नाहीत. मीसुद्धा हसले नाही, मला रडू येत होतं.

आमच्या तिन्ही चिठ्ठ्या रद्द झाल्या, श्यामकडचीही. पाहणी नव्यानं होणार, घरच्या माणसासमोर आणि त्याची सही घेऊन. बाहेर आल्यावर सलिल साहेब म्हणाले, काकू, आता तरी आमच्या कागदावर सही करून टाका. मी म्हटलं, तारीख आणा. दोन तारखा आणा, एक माझ्या घराची आणि एक माझ्या भावाच्या गाळ्याची.

भाऊ म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. कोणी काही बोललं असतं तर मी बघून घेतलं असतं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो माझा आहे, मी सांभाळीन. तू गेलास याचा नव्हता तो. जायच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे जेवलास, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतलीस आणि काही बोलला नाहीस. त्याचा होता.

तुझं वाकलेलं झाकण या पाकिटात आहे. मेथीत सापडलं. सरळ करू नकोस, आहे तसं ठेव.

चिठ्ठी मी दारावरून काढलेली नाही. आम्रपाली ओरडते, पण असू दे. रोज सकाळी दार उघडते, त्या चिठ्ठीवरची धूळ पुसते आणि तिच्याखाली बसून चहा पिते. तुझ्याच कपात. चव बरी लागते.

सोमवारी चौदा एप्रिल. मागच्या वर्षी जयंतीचे फोटो कोणी धड काढले नाहीत, सगळ्यांनी आपापले मोबाईल वर धरले आणि पुढच्याच्या मोबाईलचे फोटो काढले. आम्रपालीचा कॅमेरा आहे पण कार्ड मोडलंय. कॅमेऱ्यात बसेल असं कार्ड घेऊन ये, आणि त्याच्यावर कसलंही झाकण बसवू नकोस.

लोक काय बोलायचं ते बोलतील. तू विहारावरून सरळ आत ये, इकडंतिकडं बघू नकोस. ज्या दारावर घर बंद आहे असं लिहिलंय, ते उघडं असेल.

शालन